फीडर त्याच्याकडे, मशीन माझ्याकडे

ऊस वाहायची ट्रॉली बांधायची म्हणजे तीन जाडीचं लोखंड हाताळावं लागतं. खालची चासी आठ एमएमच्या चॅनेलची, तळाचा पत्रा तीनचा, आणि बाजूचे फाळके पातळ, दोनचे. वेल्डिंगच्या मिग मशीनवर काम करणाऱ्याला म्हणून दिवसभर वायरचा वेग बदलत बसावं लागतं. जाडाला वायर भरभर हवी, पातळाला सावकाश. सांगायला एवढंच आहे. ते हातात यायला मात्र आमची उमेदीची वर्षं गेली.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात साध्या वेल्डिंगसारखी कांडी नसते. बारीक, तांब्याच्या रंगाची वायर रिळावर गुंडाळलेली असते, आणि फीडर नावाची पेटी ती सतत पुढं ढकलत राहते. ती वायर हातात धरायच्या टॉर्चच्या तोंडातून बाहेर येते, वितळते आणि सांधा भरते. वायर किती वेगानं यावी हे फीडरवरच्या एका नॉबवर. वेग जास्त झाला तर वायर वितळायच्या आतच लोखंडावर जाऊन आपटते, ठकठक वाजते आणि टॉर्च हाताला ढोसण्या देते. कमी झाला तर वायर तोंडाशीच गोळा होऊन फटफट उडते आणि टिपेला, म्हणजे टॉर्चच्या टोकाला, चिकटून बसते. आणि बरोबर जमला तर भज्यांचा घाणा तेलात सोडल्यावर येतो तसा एकसारखा चरचर आवाज येतो. त्याला आम्ही ‘आवाज बसला’ म्हणायचो.

आम्ही म्हणजे मी आणि माझा थोरला भाऊ. रहिमतपूरला रस्त्याला लागून आमचं वर्कशॉप होतं, अजून आहे. दादा टॉर्च धरायचा आणि मी फीडरच्या नॉबवर हात ठेवून उभा असायचो. बाकीच्या वर्कशॉपांत वेल्डर स्वतःच एक तुकडा जोडून बघतो, उठतो, नॉब फिरवतो, परत बसतो. आमच्याकडं दोघांचं एक काम होतं. बघणाऱ्याला वाटायचं, थोरला घामाघूम होतोय आणि धाकटा पेटीला टेकून हवा खातोय. एका गिऱ्हाइकानं तसं बोलूनही दाखवलं, की असली नोकरी असेल तर मला पण ठेवा. दादानं लगेच त्याला नॉबपाशी उभं केलं आणि चासीवरून सरळ फाळक्यावर टॉर्च नेली. तो गडी हसत उभा, वेग तसाच. पातळ पत्र्याला रुपयाएवढं भोक पडलं. स्वतःच्याच ट्रॉलीला भोक पाडून बसल्यावर तो निमूट चहा प्यायला आणि परत कधी माझ्या नोकरीबद्दल बोलला नाही.

सुरुवातीला दादा पायानं खूण करायचा. डोक्यावर हेल्मेट, दोन्ही हात टॉर्चला, आणि त्या आवाजात बोललेलं काही ऐकू येत नाही. म्हणून पाय एकदा आपटला की कमी, दोनदा आपटला की जास्त. पुढंपुढं त्यानं पाय आपटायचं सोडून दिलं, कारण त्यानं पाय उचलायच्या आत माझा हात फिरलेला असायचा. दुपारी शेतीची लाईन आली की आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि आमच्या मशीनचा जोर उतरायचा. चरचर जाऊन जाडसर ठोके यायला लागायचे. मी नॉब केसभर मागं घ्यायचो. दादाचा हात थांबायचा नाही. सांधा संपला की तो हेल्मेट वर करायचा, माझ्याकडं बघायचा आणि पुढच्या सांध्याकडं वळायचा. शाबासकी वगैरे आमच्या घराण्यात नाही.

खरं सांगतो, त्या नॉबपाशी उभं असताना मी जसा सुखात होतो तसा नंतर कुठंच नव्हतो. एकदा बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, मग लग्न कशाला केलं, नॉब धरूनच बसायचं होतं. तिचंही बरोबर आहे.

वहिनी जतची. घरात मराठी बोलते, पण राग आला की कानडीवर जाते, त्यामुळे भांडणात तिच्याशी कुणी जिंकत नाही. तिच्या भावानं दादाच्या डोक्यात घातलं की जतकडं पाण्याच्या टँकरच्या टाक्या बांधणारा चांगला माणूस नाही, आणि तिकडं टँकरला मरण नाही. दादाला ते पटलं. त्याला वाटत होतं आपण दोघांनी जावं. मी म्हटलं, इथं ऊस आहे, ट्रॉल्या आहेत, बापानं घेतलेली जागा आहे, तिकडं बोली वेगळी आणि माणसं वेगळी. तो म्हणाला, लोखंड तेच आहे. आठवडाभर हे चाललं. शेवटी मी म्हटलं, तुला जायचं तर जा. मला वाटलं होतं तो जायचा नाही. तो कधीच एकटा कुठं गेलेला नव्हता.

वाटणीला मामा आला. मामा फौजेतून हवालदार होऊन आलेला, आणि त्यानं वर्कशॉपातलं सगळं सामान अंगणात किट तपासणीला मांडावं तसं ओळीनं मांडायला लावलं. पाने, हातोडे, ग्राइंडर, ड्रिल, शिकंजे. त्याचा न्याय सोपा होता. एक वस्तू इकडं, एक वस्तू तिकडं, आणि मग दोन ढिगांतला एक धाकट्यानं उचलायचा. कुणाला बोलायला जागा नको. ओळीच्या शेवटी मिग मशीन होतं. त्याच्या दोन पेट्या असतात. एक जड मशीन, जे करंट देतं, आणि दुसरी फीडर. मध्ये जाडजूड केबल. मामानं केबल सोडवायला लावली, मशीनवर हात ठेवला आणि म्हणाला, हा एक नग. मग फीडरवर हात ठेवला, हा दुसरा नग.

एकमेकांशिवाय त्या दोन पेट्यांचा काडीचा उपयोग नाही, हे त्या अंगणात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. पण बोलणार कोण? जो म्हणेल की मामा, हे तोडू नका, त्याला दोन्ही पेट्या पाहिजेत असाच अर्थ निघाला असता. भावकी जमलेली. दादानं माझ्याकडं बघितलं आणि मी केबलकडं बघत राहिलो. मशीन एका ढिगात गेलं, फीडर दुसऱ्यात. मी उचललेल्या ढिगात मशीन होतं. मामानं केबल हातात घेतली आणि लांबी बघायला लागला, तेव्हा दादा एवढंच म्हणाला, “मामा, ती तेवढी अर्धी करू नगासा.”

सगळे हसले. आम्ही दोघंही हसलो. दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून तो गेला.

माझं मशीन बरेच दिवस गोणपाटाखाली पडून होतं. दुसऱ्या कंपनीचा फीडर त्याला जोडेना, म्हणून मी कांडीवर काम काढलं, आणि पुढं एक जुना अख्खा सेट घेतला. गोणपाटाखालचं धूड भंगारात दिलं. दादानं त्याच्या फीडरची मोटार काढून वहिनीच्या शेवयांच्या यंत्राला बसवली, असं मामाकडून कळलं. शेवया कुठल्या वेगानं पडत असतील हा विचार मनात आला आणि मी एकटाच हसलो. मग दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

माझ्याकडं आता माणचा एक गडी आहे. मुंबईत गोदीत काम करून परत आलेला, माझ्याच वयाचा, कामाला वाघ. तो पहिल्याच दिवशी नॉबपाशी उभा राहून म्हणाला, आकडा सांगा, कितीवर ठेवू? मला आकडा माहीतच नव्हता. आमच्याकडं कधी आकडा नव्हता. त्यानं आपल्या हिशेबानं नॉबभोवती चिकटपट्टी लावली आणि पेनानं खुणा केल्या, दोनचा पत्रा इथं, तीनचा इथं, आठचा इथं. झकास पद्धत आहे. मोटारी सुरू झाल्या की त्या खुणा खोट्या पडतात, पण तेवढं थांबून मी जुळवून घेतो. माझ्या ट्रॉल्यांबद्दल कुणाची तक्रार नाही. हंगामाच्या तोंडाला गिऱ्हाइकं दारात बसून असतात.

तक्रार माझी होती, आणि ती कुणाकडं करायची हे कळत नव्हतं. टॉर्च आता माझ्या हातात असते. आवाज बिघडला की अजूनही क्षणभर वाटतं, आत्ता मागून कुणीतरी सारखा करील. पण मागं उभं राहणारा तर मीच होतो. म्हणजे मला नक्की कुणाची आठवण येत होती, दादाची की त्याच्यामागं उभ्या असलेल्या माझी, याचा मी पुष्कळ विचार केला. दोन्हीची येत होती. दादाची जास्त.

एकदा साताऱ्याला एमआयडीसीत पत्रा आणायला गेलो होतो. गाडी लावून निघालो तर शेजारच्या कुठल्याशा शेडमधून तो आवाज आला. जाड प्लेट असावी. अगदी बसलेला, एकसारखा, कुठं ठोका नाही की फटका नाही. मी फाटकाबाहेर उभाच राहिलो. आत कोण आहे, दिसत नव्हतं. सांधा लांबलचक होता. तो संपला, परत सुरू झाला, तरी मी तिथंच. शेवटी वॉचमन आला आणि कोण पाहिजे म्हणून विचारायला लागला. मी म्हटलं, कोण नाही, आवाज ऐकतोय. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि फाटक लावून घेतलं.

असं नव्हतं की आमचं बोलणं बंद होतं. दिवाळीला फोन व्हायचा. लग्नाकार्यात गाठ पडायची, शेजारी बसून जेवायचो. तिकडं पाऊस आहे का, इकडं कारखाना कधी सुरू होतोय, पोरं काय करतात. पाच मिनिटांत विषय संपायचे आणि मग दोघं मंडपाच्या खांबाकडं बघत बसायचो. खांबाचा सांधा कच्चा असेल तर तेवढं एक बोलायला मिळायचं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटायचं. भांडण मिटवता तरी येतं.

गेल्या उन्हाळ्यात दुपारी त्याचा फोन आला. दिवाळी नाही, लग्न नाही, कुणी गेलं की काय म्हणून मी घाबरून उचलला. त्यानं नवं मशीन घेतलं होतं आणि टाकीच्या पत्र्याला वायरचा वेग जमत नव्हता. टाकीचा सांधा जरा कच्चा राहिला की पाणी पाझरतं, म्हणून तो अडून बसला होता. मी विचारलं, पत्रा केवढा, वायर केवढी, गॅस किती सोडलास. त्यानं सगळं सांगितलं. मग म्हणाला की मी लावतो, तू ऐक.

मी वर्कशॉपातले ग्राइंडर बंद करायला लावले आणि फोन कानाला घट्ट धरला. पलीकडून काहीच आलं नाही. मध्येच एक कावळा ओरडला, वहिनी कुणाला तरी कानडीत काही म्हणाली, ते स्वच्छ ऐकू आलं. वेल्डिंगचा आवाज मात्र नाही. त्यानं परत लावलं. परत तेच. पोरीनं मला नंतर समजावलं की हल्लीचे फोन एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून आपोआप गाळून टाकतात, माणसाचं बोलणं तेवढं ठेवतात. तेव्हा ते माहीत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की दादा, मला काही ऐकू येत नाही.

पलीकडं त्यानं टॉर्च खाली ठेवली, तेवढं ऐकू आलं. मग म्हणाला, “मग ये की.”

फोन ठेवल्यावर मी घरात येऊन कुरकुर केली. आता इतक्या लांब नॉब फिरवायला जायचं का, त्याला एवढी वर्षं झाली या धंद्यात, तिकडं कुणी मेकॅनिक नाही का, हंगामाआधीची कामं कोण उरकणार. बायकोनं खुर्चीवर धुतलेला शर्ट ठेवला. दुसऱ्या दिवशी उजाडायला मी गाडीला किक मारली होती.

विट्यापर्यंत ऊस दिसतो, पुढं तासगावकडं द्राक्षांचे मांडव लागतात, आणि कवठेमहांकाळ ओलांडलं की रान मोकळं होत जातं. जतच्या अलीकडं रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा आला तेव्हा उन्हाचा कडाका सुरू झाला होता. गाडी बंद करून मी मेंढरं जाईपर्यंत थांबलो. मेंढरं गेली तरी मी लगेच किक मारली नाही. भावाकडं जाताना कुणाला असं होतं का, मला माहीत नाही.

दादाची शेड गावाबाहेर, रस्त्याला लागून. बाहेर ओळीनं तीन टाक्या उभ्या होत्या. रंग दिलेल्या, तयार. गाडी लावून मी सवयीनं पहिल्या टाकीच्या सांध्यावरून बोट फिरवलं. एकसारख्या लाटा, कुठं फुगा नाही, कुठं खड्डा नाही. दुसरी बघितली. तीही तशीच. तेवढ्यात दादा बाहेर आला. दाढी पार पांढरी झालेली. पाणी पी म्हणाला आणि आत गेला. वहिनीनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली, माझ्या वजनाबद्दल दोन शब्द बोलली आणि म्हणाली, “भावजी, कालपासनं ह्येंचा जीव थाऱ्यावर न्हाई. किती येळा रस्त्यावर जाऊन बघून आल्यात.” दादा कोपऱ्यात काहीतरी हुडकत होता, त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं.

मशीन नवंकोरं होतं, एकच पेटी, पुढं हिरवे आकडे. हे मशीन मी ओळखत होतो. साताऱ्याला एका दुकानदारानं मला असलंच एक चालवून दाखवलं होतं. त्यात एक बटण असतं. पत्रा किती जाड आहे तेवढं सांगायचं, म्हणजे वायरचा वेग मशीन स्वतः धरतं. ना कान लागतो, ना नॉबवर हात. मी त्या दुकानदाराला म्हटलं होतं की मग आता माणसं काय करायची, आणि चहा न पिता निघून आलो होतो.

दादाच्या मशीनवर ते बटण बंद होतं. वेग हातानं लावायच्या बाजूला दिवा जळत होता, आणि नॉब जवळजवळ शेवटाला नेऊन ठेवला होता. त्यानं पाच एमएमचा तुकडा समोर ठेवला, हेल्मेट खाली ओढलं आणि टॉर्च लावली. ठकठक, ठकठक. वायर लोखंडावर अशी आपटत होती की माणच्या गड्यालासुद्धा कळलं असतं. बाहेरच्या तीन टाक्या ज्यानं जोडल्या त्या माणसाला हे कळत नव्हतं?

मी बटणाकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. मला एवढंच कळत होतं की हा माणूस कालपासून रस्त्याकडं बघत होता, आणि मी इतक्या वर्षांत एकदाही असा फोन केला नव्हता. मी नॉबवर हात ठेवला आणि नॉब मागं घेतला, आणखी थोडा मागं. ठोके विरले. मग तो आवाज आला, पूर्ण बसलेला. माझे डोळे भरून आले आणि मी आर्ककडं, वेल्डिंगच्या त्या लखलखाटाकडं, पाठ केली. आर्ककडं उघड्या डोळ्यांनी बघू नये, हे कारण हाताशी होतंच.

तुकडा संपला. मला वाटलं आता तो हेल्मेट वर करील. त्यानं केलं नाही.

तसाच बसून म्हणाला, “तीनचा बी बघू जरा.”

तीनचा लावला. मी वेग उतरवला. मग पातळ, दोनचा. मग कुठूनतरी आठचा जुना चॅनेल निघाला. टाकीला यातलं काही लागत नाही, टाकी सगळी एकाच पत्र्याची असते. तो लावत गेला आणि मी वेग चढवत, उतरवत गेलो. दुपारी लाईनचा जोर उतरला तेव्हा माझा हात आपसूक मागं आला, आणि त्याच्या टॉर्चनं गती सोडली नाही. वहिनी चहा घेऊन आली, थोडा वेळ बघत उभी राहिली आणि चहा झाकून ठेवून गेली.

उन्हं कलायला लागली. अंधार व्हायच्या आत तासगाव गाठायचं तर मला निघायला हवं होतं. मी तसं म्हटलं. दादानं मान हलवली, पण हेल्मेट काही वर केलं नाही. काळ्या काचेतून आर्क सोडून दुसरं काही दिसत नाही. तरी तो काच खाली तशीच ठेवून, बसल्या जागेवरून शेजारच्या भंगाराच्या ढिगात हातानं चाचपडायला लागला.

“आजून एक तुकडा हुता बघ हितं,” तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता.

त्याचा हात पान्यावर गेला, मग रिकाम्या रिळावर, मग जमिनीवर. मी नॉब सोडला, वाकलो, ढिगातला पहिला तुकडा सापडला तो उचलला आणि त्याच्या हातात दिला.